निरीक्षक क्रमांक तीन

एका पानाचे पत्र लिहायला किती वेळ लागेल, याचा अंदाज मी आधीच बांधला होता: पस्तीस मिनिटे, अधिक-उणे पाच. अंदाज बांधल्याखेरीज मी कोणतेही काम हाती घेत नाही, आणि अंदाज चुकलाच तर किती चुकला याची नोंद ठेवतो. या पत्राचे प्रकरण मिटायला एकोणचाळीस दिवस लागले. माझ्या आजवरच्या नोंदींतली ही सर्वांत मोठी त्रुटी. तिचा उगम उपकरणात नसून निरीक्षकात आहे, असा निष्कर्ष माझ्या पत्नीने पहिल्याच आठवड्यात काढला होता. मी अधिक पुराव्याची वाट पाहिली. तो भरपूर मिळाला.

आमची संस्था वजनांची वजने करते. दुकानदार, औषधवाले आणि सराफ आपली वजने आमच्याकडे पाठवतात. ती किती खोटे बोलतात हे आम्ही त्यांना लेखी कळवतो. आमच्या तुलाकक्षात काचेच्या पेट्यांत तीन तराजू आहेत. तिसरा इतका हळवा आहे की वजनावर बोटाचा ठसा राहिला तर तो ठशाचेही वजन सांगतो. खोलीत शिरल्यावर चार मिनिटे नुसते बसून राहावे लागते. अंगाची ऊब निवल्याशिवाय काटा स्थिर होत नाही. बोलायचे नाही, शिंकायचे नाही, आणि सुस्कारा टाकायचा असेल तर बाहेर जाऊन टाकायचा.

या तिसऱ्या तराजूवर गेली बावीस वर्षे एक बाई काम करतात. सारी संस्था त्यांना मिलीग्रामताई म्हणते. त्या बारीक आहेत म्हणून हे नाव पडले असे नव्यांना वाटते. जुन्यांना खरे कारण ठाऊक आहे. त्यांच्या हातून आजवर एका मिलीग्रामचीही चूक झालेली नाही. हे मी कौतुकाने म्हणत नाही. मी तपासले आहे.

तर एका सकाळी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, एक पान हवं होतं."

"कसलं?"

"मी काम करते, असं लिहिलेलं."

"ते तर सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणूनच कुठे लिहिलेलं नाही."

प्रकरण असे होते. समुद्रापलीकडे वजनमापांची एक मोठी समिती आहे. ती दरवर्षी निवडक तंत्रज्ञांना एक वर्षाचे प्रशिक्षण देते. ते पुरे केलेल्या माणसाला प्रमाणपत्रावर स्वतःच्या नावाने सही करण्याचा अधिकार मिळतो. अटी दोनच: पंधरा वर्षे स्वतंत्रपणे वजन केल्याचा पुरावा, आणि वय पंचेचाळीसच्या आत. मिलीग्रामताईंना पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला पंचेचाळीस वर्षे पूर्ण होणार होती. म्हणजे ही पहिली संधी होती आणि शेवटचीही.

"सही हवी कशाला तुम्हाला?" मी विचारले. मला खरोखरच कुतूहल होते.

"एकदा वजनाखाली माझं नाव कसं दिसतं ते पाहायचंय, सर. मग तुम्ही म्हणालात तर पुसून टाकू."

शिफारसपत्र इंग्रजीत हवे होते. इंग्रजीचा मला धसका नाही. माझे निबंध इंग्रजीतच छापले गेले आहेत, आणि ते कोणी वाचल्याचा पुरावा नसल्यामुळे त्यांत चुका आहेत असे सिद्ध झालेले नाही. शिवाय आमच्या संस्थेत कोरा कागद ही वस्तू केवळ छपाईयंत्रात सापडते. नवे काहीही जुन्यावरून करायचे, हा आमचा रिवाज आहे. रजेचा अर्ज, खरेदीचा प्रस्ताव, शोकसंदेश: मागचा काढायचा, नाव बदलायचे, तारीख बदलायची. आठ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या तराजूवरच्या एका गृहस्थांसाठी असेच पत्र लिहिले होते. ते काढले, नाव बदलले, तारीख बदलली. एकोणतीस मिनिटे लागली. त्या सहा मिनिटांच्या बचतीवर मी अर्धा दिवस खूश होतो.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क ते पत्र दोन बोटांत धरून घेऊन आले. पालीची शेपटी धरतात तसे.

"सर, उमेदवार पहिल्या ओळीत बाई आहेत. दुसऱ्या ओळीपासून पुरुष झालेत. शेवटच्या परिच्छेदात तर त्यांची दाढीच तेवढी यायची राहिलीय."

येथे थोडे विषयांतर अपरिहार्य आहे. आपल्या भाषेत क्रियापदच माणसाचे सगळे सांगून मोकळे होते. 'आली' म्हटले की कोण आली एवढेच विचारायचे उरते. आपण खुर्चीला बाई केले, पलंगाला बुवा केले आणि कपाटाला नपुंसक ठरवले, पण निदान सर्वांशी सारखा अन्याय केला. इंग्रजांनी वस्तूंना या कटकटीतून सोडवले, क्रियापदांनाही सोडवले, आणि सगळा भार दोन चिमुकल्या शब्दांवर टाकला. पुरुष असेल तर 'ही', बाई असेल तर 'शी'. एवढ्याशा खुंटीवर अख्खा माणूस टांगायचा! नाव पुसले गेले, तर माणसाविषयी शिल्लक राहते ते त्या एका शब्दाइतकेच. हे शेवटचे वाक्य मला तेव्हा सुचले नव्हते. तेव्हा सुचते तर पुढचे टळले असते.

चूक मान्य करून मी प्रयोगशाळेच्या शिस्तीने ती दुरुस्त केली. आमच्याकडे चुकलेली नोंद खोडरबराने पुसत नाहीत, गिरगटतही नाहीत. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे मूळ नोंद वाचता येते. वर बरोबर नोंद लिहायची. शेजारी सही आणि त्या दिवसाची तारीख. प्रामाणिकपणाची याहून शुद्ध पद्धत मानवजातीने शोधलेली नाही. नऊ जागी नऊ रेघा, नऊ सह्या, नऊ तारखा. पत्र डोळ्यांना निववेल इतके प्रामाणिक दिसत होते.

हेडक्लार्क म्हणाले, "ही खाडाखोड आहे."

"ही दुरुस्ती आहे."

"सर, तुमच्याकडे दुरुस्ती. आमच्याकडे खाडाखोड. खाडाखोड असलेला कागद जावक क्रमांक घेत नाही."

"कागद घेत नाही की तुम्ही देत नाही?"

"माझा काय संबंध? मी फक्त देणारा."

मग मी सावध झालो. एका शब्दामुळे एवढा घोळ होत असेल तर तो शब्दच टाळावा, हा शास्त्रीय मार्ग. इंग्रजीत 'दे' नावाचा एक सोयीचा शब्द आहे. तो अनेकांसाठी असतो, पण बाई की पुरुष हे सांगायचे नसेल तर एकट्या माणसालाही लावतात. पत्नी शाळेत इंग्रजी शिकवते, तिने पूर्वी कधीतरी हे सांगितले होते. मी साऱ्या पत्रात 'दे' घातला. वाचायला भारदस्त वाटत होते. हेडक्लार्कनी ते पत्र आठवडाभर ठेवून घेतले आणि मग शेरा मारला: "पत्रात एकाहून अधिक व्यक्तींची शिफारस दिसते. दुसऱ्या व्यक्तीचा अर्ज, जन्मदाखला व दोन छायाचित्रे जोडावीत."

अखेर पत्नीने मला खुर्चीवरून उठवले. "हो बाजूला," ती म्हणाली, आणि नऊ मिनिटांत पत्र लिहून झाले. त्यात 'शी' होते, 'हर' होते, सगळे जिथल्या तिथे होते. मला ते थोडे अलंकारिक वाटले, पण ते बोलून दाखवण्याची वेळ नव्हती.

पत्र गेले. समितीचे उत्तर आले: शिफारस उत्तम आहे, आता पुरावा पाठवा. बावीस वर्षांपैकी प्रत्येक वर्षाची दहा प्रमाणपत्रे. दोनशेवीस प्रमाणपत्रांचा गठ्ठा बांधताना मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. कारण त्या इंग्रजी प्रमाणपत्राचा मसुदा माझा होता. बावीस वर्षांपूर्वी, या संस्थेतल्या नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी तो केला होता, आणि त्यातून निरीक्षकाचे नाव काढून टाकले होते. नाव आले की अहंकार येतो, आणि अहंकार आला की दशांश चिन्हानंतरचा चौथा अंक बिघडतो, हा माझा सिद्धान्त. म्हणून नावाऐवजी 'निरीक्षक क्रमांक तीन'. तीन हा आकडाही माणसाचा नव्हे, तराजूचा. काटा महत्त्वाचा, काट्यासमोर कोण बसले आहे याच्याशी विज्ञानाला कर्तव्य नाही.

गठ्ठा गेला. बारा दिवसांनी उत्तर आले. ते संचालकांच्या नावे होते. त्यांनी मला बोलावून ते मोठ्याने वाचून दाखवले. मजकूर साधारण असा:

'आपण पाठवलेली प्रमाणपत्रे पाहून समिती थक्क झाली आहे. निरीक्षक क्रमांक तीन हे गृहस्थ असामान्य कौशल्याचे आहेत. बावीस वर्षांत त्यांनी स्वतः घेतलेल्या वाचनांत एकही दोष आढळत नाही. उमेदवार बाईंच्या सेवापुस्तकात त्यांचे पद 'सहायक' असे आहे. त्यांनी या गृहस्थांना केलेल्या साहाय्याची समिती आदराने नोंद घेते. मात्र त्यांचा स्वतंत्र अनुभव सिद्ध होत नाही. सदर गृहस्थ स्वतः अर्ज का करीत नाहीत, हे कळल्यास बरे. त्यांचे वय बसत असल्यास समिती त्यांच्या नावाचा तातडीने विचार करील.'

संचालकांनी चष्मा काढला. "कोण हे गृहस्थ?"

मी प्रमाणपत्राची प्रत उचलली आणि बावीस वर्षांत प्रथमच ती वाचली. लिहिणे आणि वाचणे या भिन्न क्रिया आहेत. 'निरीक्षक असे प्रमाणित करतो की त्याने' (येथे 'ही') 'तीन वाचने स्वतः' (येथे 'हिमसेल्फ') 'घेतली असून त्याने' (पुन्हा 'ही') 'आपल्या' (येथे 'हिज') 'हाताने ती नोंदवली आहेत.' प्रत्येक प्रमाणपत्रात चार. दोनशेवीस प्रमाणपत्रांत आठशे ऐंशी. बावीस वर्षांतली एकूण प्रमाणपत्रे नऊ हजार तीनशे सोळा. गुणाकार मी केला, पण तो येथे देण्याचे धैर्य मला नाही.

"सर, असे कोणी गृहस्थ नाहीत," मी म्हणालो.

"नाहीत म्हणजे? बावीस वर्षं वजन करतायत ते."

"वजन ताई करतात. गृहस्थ मी केले."

संध्याकाळी घरी सांगितले तेव्हा पत्नीने वह्या तपासण्याचे थांबवलेदेखील नाही. "मसुदा केलास तेव्हाच मी म्हटलं होतं. तिथे एक बाई बसते ना, म्हटलं, मग हे काय लिहिलंयस? तर तू म्हणालास, इंग्रजीत 'ही'मध्ये सगळे येतात."

"तेव्हा तशी पद्धत होती."

"सगळे येतात म्हणालास. आले का?"

उत्तर द्यायचे नसेल तर विधानाचा अभ्यास करावा. मी अभ्यासाला गच्चीवर गेलो. तेथे शेजारचे वकीलकाका फेऱ्या मारत होते. ते वकील नाहीत. त्यांनी तीस वर्षे न्यायालयात लेखनिकाचे काम केले, आणि एवढा काळ न्यायालयात काढूनही आपण एकदाही आरोपी झालो नाही, याचा त्यांना रास्त अभिमान आहे. मी न विचारता त्यांनी सल्ला दिला. पुढच्या पाच दिवसांत त्यांनी एकूण चार दिले.

"सोपं आहे. प्रतिज्ञापत्र करा. मी शपथेवर सांगतो की सदर पुरुष अस्तित्वात नाही."

"जे नाही ते नाही, हे सिद्ध करणं तर्कशास्त्रात फार अवघड असतं, काका."

"मग मारून टाका त्याला! मेलेला माणूस अर्ज करत नाही. मृत्यूचा दाखला जोडा, विषय संपला."

"दाखल्याला मृतदेह लागतो."

"ते खरं. शिवाय वारस निघतील." त्यांनी एक फेरी मारली आणि नवीन प्रकाश पडल्यासारखे थांबले. "अहो, इंग्रजीत 'ही' म्हणजे तो, आणि आपल्यात 'ही' म्हणजे ती! समितीला सांगा, मराठीत वाचा."

हा विनोद त्यांनी त्या आठवड्यात मला अकरा वेळा ऐकवला. नवव्या वेळी मी त्यावर गंभीरपणे विचार केला, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

मिलीग्रामताईंना सांगणे भाग होते. मी तुलाकक्षात गेलो, नियमाप्रमाणे चार मिनिटे गप्प बसलो, आणि ती चार मिनिटे मला फार उपयोगी पडली, कारण त्या काळात मला काहीही बोलता येणे शक्य नव्हते. मग मी पत्र पुढे केले. त्यांनी हातमोजे काढून ते वाचले. चिमटा मखमलीवर ठेवला.

"फारच हुशार दिसतोय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"हा तीन नंबरवाला. त्यालाच पाठवा, सर. मी त्याच्याबरोबर बावीस वर्षं काढलीत. चांगला माणूस आहे. कधी रजा घेतली नाही त्याने."

"ताई, मला क्षमा करा. माझ्या लक्षात आलं नाही. पण तुमच्यातरी कधी लक्षात आलं नाही का?"

"पहिल्याच दिवशी आलं. विचारलंही होतं तुम्हाला."

"मग? मी काय म्हणालो?"

"काटा लिंग बघत नाही, म्हणालात."

वाक्य माझेच असावे. त्याची घडण ओळखीची होती.

आता संचालकांकडे दुसरी बैठक झाली. तिला हेडक्लार्कही हजर होते. मी प्रस्ताव मांडला: दोनशेवीस प्रमाणपत्रांच्या कार्यालयीन प्रती घेऊन प्रत्येक चुकीचा शब्द मी दुरुस्त करतो.

संचालक म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं, बावीस वर्षं आपण खोटं प्रमाणित करत होतो?"

"वजनं खरी होती, सर."

"वजनं खरी. वजन करणारा खोटा. उद्या एखादा सराफ उठला आणि म्हणाला, ज्यांना माणूस ओळखता येत नाही त्यांना मिलीग्राम काय ओळखता येणार, तर?"

या युक्तिवादात मला दोष सापडेना. आजही सापडलेला नाही.

शेवटी 'लेखनदोष' या शब्दावर तडजोड झाली. प्रत्येक दुरुस्तीशेजारी माझी सही आणि त्या दिवसाची तारीख. सगळी जबाबदारी माझी. "कोणी विचारलं तर मी या बैठकीला नव्हतो," संचालक म्हणाले. "मीही नव्हतो," हेडक्लार्क म्हणाले. बैठकीला मी एकटा होतो, असे इतिवृत्त झाले.

महिन्याची चौदा, पंधरा आणि सोळा तारीख. तीन दिवस मी आणि मिलीग्रामताई तुलाकक्षाबाहेरच्या लांब टेबलाशी समोरासमोर बसलो. त्या प्रत पुढे सरकवायच्या. मी रेघ मारायचो, वर लिहायचो, सही करायचो, तारीख घालायचो. त्या तपासायच्या आणि उजवीकडे ठेवायच्या. दोनशेव्या सहीपर्यंत ती माझी सही होती. चारशेव्याला ती एखाद्या आजारी माणसाची वाटू लागली. सहाशेच्या पुढे ती माझीच आहे हे मीही न्यायालयात सांगू शकलो नसतो. पण ताई एकेक शब्द बोट ठेवून वाचत होत्या. कधी मध्येच थांबायच्या.

"हे ते औषधवाल्यांचं. पाच ग्रॅमचं होतं. कडेला खोच पडली होती त्याला."

"तुम्हाला आठवतं?"

"मीच केलं ना, सर."

पंधरा तारखेला वकीलकाका दुपारच्या वेळी फिरत फिरत आले, त्यांनी तो सारा पसारा पाहिला आणि आपला चौथा, म्हणजे शेवटचा, सल्ला दिला. "आजची तारीख कशाला घालता? ज्या वर्षाचा कागद, त्या वर्षाची तारीख घाला. शाई जुनी करायची युक्ती मी सांगतो."

"खोटी तारीख म्हणजे खोटं मापन," मी म्हणालो. मग मला वाटले, हा निर्णय माझा एकट्याचा नाही. मी ताईंकडे पाहिले.

"नको, काका," त्या म्हणाल्या. "तारीख आजचीच. खोटंच लिहायचं तर मग तो तीन नंबरवाला काय वाईट होता?"

काका निघून गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही दोघं एकाच साच्यातली." ती निंदा होती. पण आम्ही दोघांनीही ती जरा सुखाने ऐकली असावी, कारण पुढची चाळीस पाने फार भराभर झाली.

आठशे ऐंशी दुरुस्त्या पुऱ्या झाल्या. शेवटच्या प्रतीवर 'शी' लिहून मी सही केली तेव्हा ताईंनी ती उचलून उजेडात धरली. नाव नव्हते तिच्यावर. नाव घालण्याची सोयच मी ठेवली नव्हती. तरी त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "हं," त्या म्हणाल्या. "आता कोणीतरी आहे असं वाटतंय." सोळा तारखेला संध्याकाळी पार्सल गेले. खाडाखोडीचा प्रश्न हेडक्लार्कनी सोडवला: त्यांनी पार्सल उघडून पाहिलेच नाही.

वीस तारखेला उत्तर आले. एवढ्या लवकर येणारे उत्तर अनुकूल असते की प्रतिकूल, याविषयी माझ्याकडे पुरेशी आकडेवारी नव्हती. मी पत्र घेऊन तुलाकक्षाकडे गेलो. आम्ही ते बाहेरच्या टेबलाशी वाचले.

समितीने आमच्या सर्व दुरुस्त्या विनाशर्त मान्य केल्या होत्या. इतक्या प्रामाणिक दुरुस्त्या समितीने क्वचितच पाहिल्या होत्या. प्रत्येकीवर सही, प्रत्येकीवर तारीख! समितीच्या नियम सोळाप्रमाणे कोणतीही दुरुस्ती तिच्यावरील तारखेपासून अमलात येते. त्यानुसार चौदा तारखेपासून निरीक्षक क्रमांक तीन ही स्त्री असल्याचे समिती आनंदाने मान्य करीत होती. त्या तारखेपूर्वीची प्रमाणपत्रे अर्थातच त्या वेळच्या निरीक्षकाची, म्हणजे त्या गृहस्थांची. सबब उमेदवार बाईंचा सिद्ध झालेला स्वतंत्र अनुभव, दुरुस्तीच्या पहिल्या दिवसापासून पार्सल निघेपर्यंत, तीन दिवस. आवश्यक अनुभवात चौदा वर्षे तीनशे बासष्ट दिवसांची तूट आहे. ती भरून निघाल्यास उमेदवाराने, वयोमर्यादेच्या अधीन राहून, अवश्य पुन्हा अर्ज करावा.

मी वजाबाकी पुन्हा करून पाहिली. ती बरोबर होती. त्यांची प्रत्येक पायरी बरोबर होती. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच लिहिले असते. आणि ही गोष्ट मला अजूनही रात्रीची झोप लागू देत नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण झोपेला उशीर होतो. काकांचे ऐकले असते, खोट्या तारखा घातल्या असत्या, तर ताईंना जागा मिळाली असती. खरेपणाने त्यांना तीन दिवस मिळाले.

 ताईंनी पत्राची घडी घातली, मग ती पुन्हा उलगडली.

"खाली अजून आहे, सर."

खाली एक परिच्छेद होता. तो माझ्याविषयी होता. माझी सही आद्याक्षरे आणि आडनाव एवढीच असते. नावाने अहंकार येतो, हे मी वर सांगितलेच आहे. समितीने लिहिले होते: 'या विभागाच्या प्रमुखांचे विशेष आभार. आठशे ऐंशी दुरुस्त्या स्वतःच्या हाताने करणाऱ्या या बाईंची चिकाटी वाखाणण्यासारखी आहे. तिने हे काम किती मायेने केले असेल, हे तिच्या सह्यांवरून दिसते.' इंग्रजीत सगळीकडे 'शी'. एके ठिकाणी 'हरसेल्फ'. मी मोजले: सात.

माझ्या कानशिलांना ऊब आली. तुलाकक्षात असतो तर काटा हलला असता. मी जागेवरून उठलो, पुन्हा बसलो, कागद ओढला आणि पेनचे टोपण काढले.

"हे ताबडतोब दुरुस्त झालं पाहिजे!" मी म्हणालो. माझा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता, हे आता लक्षात येते. "एकतीस वर्षं संशोधन केलं मी! निबंध आहेत माझे! साधं विचारता येत नाही? काही चौकशी नाही, काही पुरावा नाही, सरळ लिहून मोकळे! म्हणजे मी कोण आहे याला काही अर्थच नाही?"

मिलीग्रामताईंनी हातमोजे चढवले. एकेक बोट नीट बसवले.

"सवय होते, सर," त्या म्हणाल्या. "थोडी वर्षं जातात, एवढंच."

मी पेन खाली ठेवले. मग, सत्याचा प्रश्न आहे असे मनाशी म्हणत, पुन्हा उचलले. त्या काचेच्या दारापाशी पोहोचल्या होत्या. पलीकडे एका औषधवाल्याची सात वजने त्यांची वाट पाहत होती, आणि निरीक्षकाच्या नावासाठी जागा ठेवणारा माझा नवा मसुदा हेडक्लार्कच्या टेबलावर एका उपसमितीची वाट पाहत होता.

"पत्र पाठवणारच आहात?" त्यांनी विचारले.

"अर्थात."

"मग खाली तारीख घालू नका, सर," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुरुष त्या दिवसापासूनच धरतील."

आणि त्या आत गेल्या. काचेचे दार लागले. आत आता चार मिनिटे कोणी बोलणार नव्हते.